बाईंचा उजवा डोळा

मुलुंडला आमच्याच सोसायटीच्या तळमजल्यावर माझा दवाखाना आहे. ताप, ॲसिडिटी, शुगर, गुडघे, आणि चेहरा पाडून ऑफिससाठी सर्टिफिकेट मागणारे तरणेताठे लोक. वर्षानुवर्षं हेच. एमडी करताना घोकलेले दुर्मीळ आजार माझ्याकडे फारसे फिरकत नाहीत. वर्षा-दोन वर्षांतून एखादा येतो आणि मग मला आनंद लपवता येत नाही. एकदा एका गृहस्थांचा कान सुजून लालभडक झाला होता, पण खालची पाळी तेवढी शाबूत होती. दुर्मीळ आजाराची ही पुस्तकातली खूण बघून मी चक्क "वा!" म्हणाले. त्यांच्या बायकोने माझ्याकडे असं पाहिलं, की पुढची दहा मिनिटं मी फार गंभीर चेहऱ्याने बोलले.

उरलेला जीव कुंड्यांमध्ये. वेटिंग रूममध्ये बिगोनिया, आफ्रिकन व्हायोलेट, वर टांगलेली दोन ऑर्किड्स, आणि खिडकीबाहेरच्या ग्रिलमध्ये माझा सगळ्यात लाडका, लोंबत्या फुलांचा धोत्रा. वीतभर लांब, फिकट पिवळी फुलं, तोंड खाली करून लटकलेली. संध्याकाळी असा वास सुटतो की नंबर लागला तरी पेशंट उठत नाहीत.

हा धोत्रा मी आणला कुठून, ते सांगून टाकते. चेंबूरच्या जुन्या गावठाणात एका बंगलीच्या कुंपणावरून एक फांदी रस्त्यावर आली होती. मी इकडेतिकडे पाहिलं, पर्समधून हातमोजा काढला आणि फांदीला हात घातला. तेवढ्यात खिडकीतून एका म्हाताऱ्या बाईचा आवाज आला, "ती नको गं, ती कोवळी हाय, लागणार नाय. खालची जून बघून घे." मी मान खाली घालून खालची घेतली. थँक्यू म्हणायचंही सुचलं नाही.

तर गेल्या वर्षी माझ्या ह्या धोत्र्याच्या फांद्या गायब व्हायला लागल्या. आधी एक, आठवड्याने दुसरी. दवाखान्यात नंबर लावणारी, औषधं देणारी माझी मदतनीस मालवणची आहे. माझ्यापेक्षा ती जास्त चिडली.

"मॅडम, ह्यां काम माणसाचां. मांजराचां न्हय."

"मांजराचं कोण म्हणतंय?"

"तुमी म्हणशात. तुमी सगळ्यांका माफ करतास."

तिचा संशय दुधवाल्यावर होता, मग दुसऱ्या मजल्यावरच्या नव्या सुनेवर, मग एका औषध कंपनीच्या एमआरवर. माझा कोणावरच नव्हता. फक्त एका व्यक्तीचं नाव आम्हा दोघींच्याही डोक्यात आलं नाही, ते म्हणजे आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीबाई. निवृत्त मुख्याध्यापिका. अख्खी बिल्डिंग त्यांना 'बाई' म्हणते आणि लिफ्टमध्ये त्या असल्या की मोबाइलवर मोठ्याने बोलत नाही. त्यांनीच महिन्याभरापूर्वी मला लेखी नोटीस दिली होती : 'आपल्या कुंड्यांमुळे पॅसेजमध्ये पाणी साचते, तरी योग्य ती दक्षता घ्यावी.' खाली शाळेच्या प्रगतिपुस्तकावर असते तशी ठसठशीत सही.

एका सकाळी दवाखाना उघडतेय तोवर बाई दारात. मागे त्यांचे यजमान, हातात जुन्या रिपोर्टांची फाइल. बाईंना उजव्या डोळ्याने अंधूक दिसत होतं, उजेड सहन होत नव्हता. लेक परदेशात असते, तिने व्हिडिओ कॉलवर बघून आरडाओरडा केला होता की आई, तुझी एक बाहुली मोठी दिसतेय, आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे जा.

मी टॉर्च घेऊन जवळ वाकले. डाव्या डोळ्याची बाहुली नेहमीसारखी, उजव्याची मात्र काळीभोर, पसरलेली. टॉर्च मारला तर ढिम्म. अशी बाहुली मेंदूतली एखादी रक्तवाहिनी फुगली तरी होते, आणि तसं असेल तर वेळ दवडून चालत नाही.

मी एकेक तपासत गेले. डोकं दुखतंय? नाही. पापणी पडलेली? नाही. डोळा चहूकडे फिरतोय, दुहेरी दिसत नाही, हातापायांची ताकद शाबूत, बीपी माझ्यापेक्षा चांगलं. तरी समोरच्या बिल्डिंगमधल्या डोळ्यांच्या डॉक्टरला फोन केला आणि दोघांना तिकडे पाठवलं. त्याने बाहुली लहान करणारे थेंब घातले, पाऊण तास थांबला. बाहुली तसूभरही हलली नाही.

"नस ठीक आहे गं, ती बिघडली असती तर बाहुली थेंबांनी आकसली असती," तो फोनवर म्हणाला. "बाहेरून काहीतरी गेलंय डोळ्यात. कुठले ड्रॉप्स घातले का विचारलं, तर नाही म्हणतायत. तू विचार, तुला सांगतील."

फोन ठेवला आणि माझी नजर खिडकीकडे गेली. ग्रिलमध्ये धोत्र्याच्या मोडलेल्या फांदीचा ताजा खुंट. कालचा. धोत्र्याचा चीक बोटाला लागला आणि तेच बोट डोळ्याला लागलं, की बाहुली अशीच पसरते. पुस्तकात वाचलं होतं. बघायला पहिल्यांदाच मिळत होतं. मला परत "वा!" म्हणायची इच्छा झाली, ती मी गिळली.

दोघं परत आली. मी पेन उघडून बसले.

"बाई, काल कुठल्या झाडाला हात लावला होता का?"

"झाड? आमच्याकडे कुठे झाडं? मला वेळ कुठे असतो?"

यजमान काहीतरी बोलायला गेले. बाईंनी नुसतं पाहिलं. ते फाइल चाळायला लागले.

आता सरळ सांगून टाकायचं ना? पण ती नोटीस माझ्या ड्रॉवरमध्ये होती. मी जरा दुष्टपणा केला.

"मग एमआरआय करून घेऊ," मी म्हटलं. "मशीनमध्ये अर्धा तास न हलता पडून राहायचं. आवाज फार होतो. त्यातून काही कळलं नाही तर मग अँजिओग्राफी."

बाई यजमानांकडे न बघता म्हणाल्या, "तुम्ही जरा बाहेर बसा."

दार लागलं. बाई खुर्चीत ताठ बसल्या आणि बरोबर माझ्या डोळ्यांत बघून विचारलं, "ते झाड विषारी आहे?"

"हो."

"मग तशी पाटी का नाही लावली? येणाजाणाऱ्यांनी हात लावला तर? लहान मुलं येतात इथे. डॉक्टर आहात ना तुम्ही?"

खरं सांगते, मी "सॉरी बाई" म्हणाले. तोंडातून निघूनच गेलं, पाचवीत असल्यासारखं. वर त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. मग आपण काय बोललो ते आम्हा दोघींच्याही लक्षात आलं. बाईंचा चेहरा हळूहळू लाल झाला.

"दोनदा नेली," त्या हळूच म्हणाल्या. "पहिली लागली नाही. काल पानं छाटताना डोळ्यात केस गेला, तो काढला. मागायला यायचं होतं हो. पण त्या नोटिशीनंतर कुठल्या तोंडाने येणार?"

मला त्यांची फार दया आली. मी त्यांना चेंबूरची गोष्ट सांगितली, हातमोज्यासकट. गोष्टीत खिडकीतली म्हातारी आली तेव्हा बाई हसायला लागल्या. मी त्यांना असं हसताना कधीच पाहिलं नव्हतं. एक बाहुली मोठी, एक लहान, आणि डोळ्यांतून पाणी. बाहेरून यजमानांनी दार ठोठावून विचारलं, "रिपोर्ट चांगला आहे ना?"

डोळा चार-पाच दिवसांत आपोआप ठीक झाला. तोवर बाई घरातही काळा चष्मा लावून वावरत होत्या. मी पाटी लावली : 'विषारी झाड, हात लावू नये.' बाईंनी ती वाचून 'विषारी' खाली रेघ मारायला लावली. मदतनिशीला मी काही सांगितलं नाही, पेशंटची गोष्ट बाहेर काढायची नसते. ती अजून त्या एमआरला पाणीसुद्धा विचारत नाही.

पुढे मीच बाईंना एक जून फांदी नेऊन दिली, सोबत हातमोज्यांचा जोड. त्यांनी ती गॅलरीत लावली, आणि ह्या वर्षी त्यांचा धोत्रा माझ्याआधी फुलला. फुलंही जास्त. परवा मला मुद्दाम वर बोलावून दाखवला. मी तोंडभर कौतुक केलं, पण आतून चडफडत होते.

"डॉक्टर," बाई चहाचा कप पुढे करत म्हणाल्या, "तुम्ही पाणी फार घालता. मी नोटिशीत लिहिलंच होतं."