खाडीवरच्या देवाला आवतण

माणसाला आयुष्यात बसायचे तेवढे धक्के बसतातच, पण माझे निम्मे धक्के एकट्या आमच्या घरमालकिणीने दिलेले आहेत. सगळे तिला बय म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. पनवेलच्या ज्या सेक्टरात आमची सोसायटी उभी आहे, तिथे पूर्वी तिचं गाव होतं. भातशेती, मिठागर, पलीकडे खाडी. ते गाव शहराच्या पोटात गेल्याची खबर बयपर्यंत पोचलेली नाही, किंवा पोचली असली तरी तिने मनावर घेतलेली नाही. "खळ्यावर जाऊन येते," म्हणून निघते आणि मेडिकलमधून ब्लडप्रेशरच्या गोळ्या घेऊन येते. रिक्षावाल्याला "मिठागरावर घे" म्हणते आणि त्याला कळलं नाही की त्याचंच डोकं ठिकाणावर नाही असं ठरवते. परवा भर एप्रिलात आम्ही दोघे बाजारातून येत होतो. कोरड्या ठणठणीत रस्त्यात बयने मध्येच मोठा वळसा घातला. मी आपला सरळ निघालो, तर मागून आवाज आला, "मास्तर, भिजशील. तलाव हाय तिकरं." मी कॉलेजात शिकवतो हो, लोक मला शहाणा समजतात. पण त्या दिवशी मीसुद्धा निमूट वळसा घातला.

तिच्या नातीचं लग्न ठरलं आणि हळदीच्या आदल्या दिवशी बय माझ्या दारात उभी. "मास्तर, गारी काड. देवांना आवतन द्याचा हाय." पहिली अक्षत देवाला, हे मलाही माहीत आहे. मला वाटलं, एखादं देऊळ असेल. कसलं देऊळ न् कसलं काय. बयने गाडी थांबवली ती मोटारींच्या एका चकचकीत शोरूमपाशी. गावाच्या वेशीवरचा देव तिथे होता म्हणे. थेट आत गेली, कोऱ्या करकरीत गाडीच्या चाकाशी अक्षता-सुपारी ठेवली आणि हात जोडून म्हणाली, "उद्या पोरीची हलद हाय. जेवायला ये." मागे टाय लावलेला एक पोरगा उभा होता. तो अदबीने म्हणाला, "हो आजी, नक्की." मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. पुढे पेट्रोल पंपावर, जिथे गावाची विहीर होती तिथे, विहिरीतल्या आसरांना, म्हणजे पाण्यातल्या देवतांना, आवतण गेलं आणि ते पंपावरच्या दोन पोरांनी आनंदाने स्वीकारलं.

शेवटचा राहिला खाडीवरचा राखणदार. तिथे आता एका अर्धवट टॉवरची पत्र्याची भिंत आणि फाटकावर सिक्युरिटीवाला. तो काही केल्या आत सोडेना. उन्हाने माझं डोकं तापलं होतं. म्हटलं, "बय, इथेच ठेव की अक्षता. देवाला समजतं सगळं." बय माझ्याकडे न बघता म्हणाली, "पोरीच्या आयशीच्या हलदीला मी हाच देव विसरली. दुसऱ्या वरसाला हिला माझ्या मांडीवर टाकून ती वारली." इतकी वर्षं तिच्या घरात राहतोय, पण पोरीचे आईबाप कुठेतरी नोकरीला असतील असं मी आपलं धरून चाललो होतो. बयने अक्षता सरळ त्या सिक्युरिटीवाल्याच्या तळहातावर ठेवल्या. "तू उभा हायस तीच त्याची जागा. उद्या तू ये."

"ड्यूटी है, माँजी."

"त्याची पन व्हती," बय म्हणाली आणि गाडीत येऊन बसली.

दुसऱ्या संध्याकाळी टायवाला पोरगा पेढे घेऊन आला. पंपावरची पोरं गणवेशातच आली, जेवली आणि डीजेपुढे नाचलीसुद्धा. पण बय मांडवाच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसलेली, हळदीची वाटी पदराखाली. कुणाला हात लावू देईना. नात पाटावर ताटकळलेली, बायका कुजबुजायला लागलेल्या. म्हातारीला वेड लागलं म्हणून एकीने मलाच मध्ये पडायला सांगितलं. मी देव मानत नाही. तरी रस्त्याकडे डोळे लावून बसलो होतो, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

तो आला. ड्यूटी संपवून, तसाच निळ्या गणवेशात, बुजल्यासारखा कडेला उभा राहिला. बय उठली. कुणापुढे डोक्यावर पदर न घेणाऱ्या त्या बाईने पदर सारखा केला, त्याला पाट मांडला. ताट आलं तसा तो संकोचून म्हणाला, "माँजी, मैं मांस-मच्छी नहीं खाता."

बय त्याच्याकडे बघतच राहिली. "कोंबऱ्याबिगर कवा उठला नाय हा," ती पुटपुटली, "आता वरन-भात मागतंय." मग आमच्याच घरातून वरणभात मागवला आणि तिने स्वतःच्या हाताने वाढला. तो जेवत असताना बाजूला उभी राहिली. आणि मग माझी बाही धरून हळूच विचारलं, "मास्तर, तू शिकलेला हायस. खरा सांग. आला ना तो?"

मी त्या भुकेल्या माणसाकडे पाहिलं. टोपी मांडीवर ठेवून तो ताट पुसून शेवटचा घास खात होता.

"आला, बय."

"मंग लावा हलद," ती म्हणाली. वाटी बायकांच्या हाती गेली, गाणी सुरू झाली, पण माझी बाही काही तिने बराच वेळ सोडली नाही.