चार पोर्टांची कडी

बाबांनी ती लग्नपत्रिका उघडली आणि माझी झोप उडाली. कुणाचं लग्न, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. पत्रिका म्हणजे खरं तर फोनमध्ये घुसणारं भामटं अ‍ॅप होतं. बाबांच्या फोनवरून ते मोरा बंदरावरच्या सगळ्या मित्रांना गेलं. तिथल्या लाँचवर तांडेल म्हणून, लाँच हाकत, बाबांनी उभा जन्म काढलेला. दोघातिघांचे फोन बिघडले. बाबा शरमेने अर्धे झाले. मी मात्र चवताळले.

मला मुळात स्वस्थ बसणं जमत नाही. पनवेलच्या फ्लॅटमध्ये मी घरूनच ऑफिसचं काम करते, त्यामुळे इंटरनेटवरून कोण आत शिरतंय ही धाकधूक तशीही असायची. एक जुना, पंख्याशिवाय चालणारा कॉम्प्युटर स्वस्तात मिळवला. मिसळणाच्या डब्याएवढा, पाठीला चार पोर्ट. त्यावर येणारं-जाणारं सगळं तपासून अडवणारं फुकटचं फायरवॉल सॉफ्टवेअर चढवलं. एका पोर्टात बाहेरून येणारी वायर, दुसऱ्यात माझं ऑफिस, तिसऱ्यात टीव्ही, आणि चौथ्याला जुना राउटर जोडून बाबांच्या खोलीचं वेगळं वायफाय. तिथले नियम सगळ्यात कडक. मी सांगेन तेवढंच चालणार, बाकी सगळं बंद. पळवाट नको म्हणून त्यांच्या फोनचा मोबाइल डेटाही बंद करून टाकला.

"हा काय हाय गो?" बाबांनी डब्याला बोट लावलं. तो चांगलाच तापला होता.

"घराला कडी लावलीय."

"आतून का बाहेरून?"

"आतूनच हो बाबा!" मी खेकसले.

मग मला चाळाच लागला. भाजी ढवळता ढवळता उठून स्क्रीन बघायची. अडवलेल्या प्रत्येक गोष्टीची तिथे लाल ओळ उमटे, आणि संध्याकाळी तर त्यांची रांगच लागे. चोर पकडल्याचा आनंद व्हायचा, आणि तरी जिवाला चैन नाही.

बाबा गप्प होत चालले होते. रोज संध्याकाळी मित्र धक्क्यावरून व्हिडिओ कॉल करायचे, फोन पाण्याकडे वळवायचे, आणि बाबा विचारायचे, भरती हाय का ओहोटी. आता ते फोन मांडीवर ठेवून नुसते बसत. शेवटी मीच विचारलं, हल्ली फोन येत नाही का?

"येतो ना. मी उचलला का गप. मंग बंद होतो." मग जरा थांबून म्हणाले, "त्यांचा बरोबर हाय. घान मीच केली ना."

साधा फोन करायला त्यांना तोंड उरलं नव्हतं. मी धावत स्क्रीनपाशी गेले. लाल ओळींची ती रांग बाबांच्याच पोर्टावरची होती, नेमकी कॉलच्या वेळेची. मी वेबसाइट आणि मेसेज तेवढे जाऊ दिले होते. कॉलमधला आवाज आणि चित्र ज्या वाटेने जातात, ती वाट उघडायची राहिली होती. ज्यांना मी चोर समजून खूश होत होते, ते बाबांचे मित्र होते.

नियम बदलला आणि बाबांच्या फोनवरून मीच त्यांच्या मित्राला कॉल लावला.

"आरं, रोज फोन उचलतस नि बोलत नाय!" पलीकडून ओरडा आला. "रागावलास का आमच्यावर?"

स्क्रीनवर मोऱ्याचं पाणी हललं. बाबांनी फोन तळव्याने झाकला आणि माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही.

"म्हंजे कडी बाहेरून होती," ते म्हणाले.