धोंडूवर प्रथमोपचार

एका भाजलेल्या पैलवानाला मी आठ दिवसांत ठणठणीत बरे केले. माझ्या आजवरच्या चुकांच्या यादीत ही चूक दुसऱ्या क्रमांकावर आहे. (पहिल्या क्रमांकाची चूक त्यानंतरच्या रविवारी, दुपारी साडेबाराच्या सुमारास झाली. ती क्रमाने येईल. मी सगळेच क्रमाने सांगते.)

पैलवानाचे नाव धोंडू. तो आमच्या मुक्ताच्या टॅबमध्ये राहतो. मुक्ता माझी मुलगी, बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिच्या त्या खेळात रानावनातून चित्रविचित्र प्राणी पकडायचे, वाढवायचे आणि दुसऱ्यांच्या प्राण्यांशी लढवायचे असतात. धोंडू हा लढाऊ गटातला. पोट पाण्याच्या टाकीएवढे, हात खांबांसारखे, मान नाहीच. त्याचे मूळ नाव फार लांब आणि परदेशी आहे. धोंडू हे मुक्ताने ठेवलेले.

या खेळाची जिल्ह्याची स्पर्धा खालापूरच्या एका मंगल कार्यालयात होणार होती. पहिले तीन जण पुण्याला, राज्याच्या फेरीत जाणार. मुक्ता दोन वर्षे त्यासाठी तयारी करत होती. मागच्या वेळी ती चौथी आली होती आणि त्यानंतर आठवडाभर आमच्या भिसेगावच्या घरात चार हा आकडा उच्चारायची बंदी होती. (मी चार वाजताचा चहा 'पाचच्या आधीचा' म्हणून देत होते.)

नेमके स्पर्धेच्या आधीचे आठ दिवस तिचे कॉलेजचे शिबिर आले. डोंगरावरच्या एका वाडीत, जिथे नेटवर्क नाही. खेळात रोज हजेरी लावली तरच धोंडूचा खुराक मिळतो. तेव्हा तिने जाताना टॅब माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "आई, रोज उघडायचं, हजेरी लावायची, खुराक घ्यायचा, बंद करायचं. बाकी कशालाही हात लावायचा नाही."

"लिहून दे," मी म्हणाले.

"चार ओळींचं काय लिहून द्यायचं?"

इथेच घात झाला. लिहून दिले असते तर मी त्याबाहेर एक पाऊल टाकले नसते.

मी रसायनीच्या एका कारखान्यात सुरक्षा विभागात आहे. बावीस वर्षे मी तिथे याद्या ठेवते आणि दर महिन्याला नव्या कामगारांना प्रथमोपचार शिकवते. तेव्हा पहिल्याच दिवशी धोंडू दिसला आणि त्याच्या नावाखाली लाल अक्षरांत 'भाजलेला' असे दिसले, तेव्हा माझ्या काळजात चर्र झाले. नीट बघितले तर त्याच्या हातात एक जळता निखारा! खांद्यांतून वाफा निघताहेत, आणि पोरगी खुशाल शिबिराला!

भाजल्यावर पहिला नियम काय? भाजवणारी वस्तू दूर करा. मी निखारा काढला. त्या खेळात एक दुकान आहे, तिथे तो देऊन बदल्यात बारा औषधी पाने मिळाली. ती रोज लावली. सातव्या दिवशी 'भाजलेला' जाऊन हिरव्या अक्षरांत 'निरोगी' आले. मग त्याचे डाव तपासले. त्यात एक 'डोकेफोड' नावाचा डाव होता. समोरच्याला डोके हाणायचे, त्यात स्वतःलाही लागते. असले काम आमच्याकडे लेखी परवानगीशिवाय कोणी करू शकत नाही! तो डाव मी काढला आणि त्या जागी 'सावध पवित्रा' बसवला. सगळ्याची तारीखवार नोंद केली आणि समाधानाने टॅब बंद केला.

शनिवारी संध्याकाळी मुक्ता शिबिरावरून आली ती जेवून जी झोपली, ती रविवारी सकाळी आम्ही हलवून गाडीत बसवली. हे गाडी चालवत होते, मी पुढे, मुक्ता मागे. कर्जत-चौक रस्त्याला लागलो आणि तिने टॅब उघडला.

"आई, धोंडूला काय झालंय?"

"काही नाही. बरा आहे."

"बरा कसा आहे?"

"म्हणजे काय! मी केला."

मागून अगदी बारीक आवाजात, "निखारा कुठाय?"

"अगं, असा जळता निखारा कोण ठेवतं हातात? मी काढला. बारा पानं मिळाली, सगळी लावली. नोंद आहे माझ्याकडे, दाखवू?"

"चांगलं केलंस की," हे म्हणाले.

"पप्पा, गाडी थांबवा."

"का गं?"

"मला खाली उतरून ओरडायचंय."

ती खरेच उतरली. दोन म्हशींनी मान वळवून पाहिले. परत आली तेव्हा डोळे भरलेले होते.

पुढच्या वीस मिनिटांत तिने मला जे समजावले ते असे. धोंडू भाजला की चिडतो. चिडला की त्याचा ठोसा दीडपट जोरात बसतो. निखाऱ्याने त्याचा जीव दर खेपेला थोडा थोडा कमी होतो, पण तो संपायच्या आत तीनचार ठोशांत समोरचा आडवा होतो. शिवाय त्या खेळात एक दुखणे असले की दुसरे लागत नाही. म्हणजे भाजलेल्या धोंडूला कोणी विषही घालू शकत नाही की झोपवूही शकत नाही. एवढा विचार करून तिने त्याला दोन वर्षे भाजत ठेवला होता!

"म्हणजे तो आजारी होता म्हणूनच धडधाकट होता?" मी विचारले.

"हो."

"आणि आता धडधाकट आहे म्हणून..."

"म्हणून हरणार आहे. आई, प्लीज, आता तू बोलू नकोस."

साडेदहाला प्राण्यांची नोंदणी बंद होणार होती, त्यानंतर काही बदलता येत नाही. 'डोकेफोड' परत शिकवता येत होता, पण निखारा दुकानात मिळत नाही. तो दुसऱ्या खेळाडूकडूनच घ्यावा लागतो. मी पर्समधून कागद काढला, 'उपाय' असे लिहून खाली रेघ मारली. रेघेखाली काही सुचले नाही. चौकला फाटक नाही, सिग्नल नाही, तरी ह्यांनी गाडी अशी चालवली की एक सायकलवाला आम्हाला मागे टाकून, वळून, चौकशी करून गेला. "अहो, जरा पाय दाबा!" मी म्हणाले. "सुरक्षा विभागाची परवानगी आहे का?" हे म्हणाले. (आमच्या लग्नाला चोवीस वर्षे झाली आहेत.)

कार्यालयात पोचलो तेव्हा दहा वाजून पाच मिनिटे झाली होती. मुक्ता दिसेल त्याला विचारत सुटली. कोणाकडे निखारा नव्हता, आणि ज्यांच्याकडे होता ते देईनात. शेवटी राहिले शेलूचे संतोषदादा. पस्तिशीचा धिप्पाड माणूस, अंड्यांचा टेंपो चालवतो आणि गिऱ्हाइकाची वाट बघताना हा खेळ खेळतो. मुक्ता त्यांना ऑनलाइन ओळखत होती, आणि घाबरतही होती. त्यांच्याकडे एक बेडूक होता. गाणे म्हणून समोरच्याला झोपवायचा आणि मग निवांत हाणायचा.

"निखारा ना? हाय की. दोन हायत माझ्याकं," ते म्हणाले. "पण तुझा कुठं गेला गं?"

मुक्ताने माझ्याकडे बोट केले.

"आयशीनं टाकला व्हय!" संतोषदादा पोट धरून हसले. "जाऊ दे गं. आमच्या आयशीनं माझा अख्खा फोन घासून धुतला व्हता, निरम्यात! घे. पण तुझी-माझी गाठ पडली तं मंग रडायचं नाय हां."

दहा अठ्ठावीसला धोंडू पुन्हा भाजायला लागला. इतका आनंद मला मुक्ताच्या बारशालाही झाला नव्हता.

पहिल्या दोन फेऱ्या मुक्ता जिंकली. समोर मोठ्या पडद्यावर सगळे दिसत होते. धोंडूच्या अंगातून ज्वाळा निघताहेत, त्याचा जीव पट्टीवर सरसर खाली येतो आहे आणि तो एकेकाला लोळवतो आहे. मी सीटच्या दांड्या धरून बसले होते. दर खेपेला तो भाजला की माझा पाय आपोआप उठायचा आणि हे माझा गुडघा दाबून खाली बसवायचे. "बघू नकोस तिकडं," हे म्हणाले. "पंख्याकडं बघ." मी दोन फेऱ्या पंखा पाहिला.

उपांत्य फेरीत गाठ पडली ती संतोषदादांशीच.

बेडकाने गाणे म्हटले. धोंडूला झोप आली नाही. भाजलेल्या माणसाला कसली झोप! धोंडूने ठोसा मारला, बेडकाची पट्टी अर्ध्यावर आली. बेडकाने लाथ मारली, वरून निखाऱ्याचे चटके, धोंडूची पट्टी लाल झाली. आता फक्त एक ठोसा. एकच. तो बसला की मुक्ता पुण्याला. मी पंख्यावरून नजर काढली, ती चूक केली. पडद्यावर धोंडूच्या खांद्यांना, डोक्याला, सगळ्या अंगाला आग लागली होती. बावीस वर्षांची सवय. मी कधी उभी राहिले ते मला कळले नाही.

"पाणी! आधी पाणी घाला त्याच्यावर!"

मुक्ताचे बोट ठोशावर पडले. पण संतोषदादाही दचकले आणि त्यांचे बोट 'पावसाची सर' या डावावर पडले. हा डाव मैदानातल्या सगळ्यांचे भाजणे बरे करतो, म्हणून संतोषदादा तो सहसा वापरत नसत. बेडूक चपळ असल्यामुळे सर आधी आली. धोंडू विझला. त्याचा राग गेला. त्याचा ठोसा थोपटल्यासारखा बसला आणि बेडूक केसभर उरलेल्या जिवावर उभा राहिला. पुढच्या खेपेला बेडकाने गाणे म्हटले आणि निरोगी धोंडू गाढ झोपला.

साडेबारा वाजले होते.

मुक्ताने हात वर केला. "प्रेक्षकांतून सूचना आली!"

पंच बाई आल्या. चष्मा, हातात नियमांचा कागद. (छान कागद होता, क्रमांक घातलेला.) नियम साधा होता. दोघांपैकी कोणाशीही संबंध नसलेल्या माणसाने व्यत्यय आणला तर लढत पुन्हा. पण खेळाडूच्या घरच्याने आणला, तर तो ज्याच्या घरचा त्याचे नुकसान.

"या ताई कोणाच्या?" पंच बाईंनी विचारले.

"आमच्या नायत," संतोषदादा प्रामाणिकपणे म्हणाले. "पण येवढ्या जोरात वरडल्या का माझं बोट आपसूक गेलं."

पंच बाई मुक्ताकडे वळल्या. माझ्या पोटच्या मुलीने माझ्याकडे नीट निरखून पाहिले आणि म्हणाली, "मी यांना ओळखत नाही."

मी ह्यांच्याकडे पाहिले. हे अत्यंत एकाग्रतेने पंखा बघत होते.

"ताई, तुम्ही कोणाबरोबर आलात?"

बावीस वर्षांत मी एक खोटी नोंद केलेली नाही. पण मुक्ता टॅब छातीशी धरून उभी होती. मी घसा साफ केला आणि म्हणाले, "मी कोणाचीच नाही. सहज आले होते. उकडत होतं बाहेर."

पंच बाई माझ्या चेहऱ्याकडे बघत नव्हत्या. त्या जरा खाली, माझ्या गळ्यातल्या कार्डाकडे बघत होत्या. गर्दीच्या ठिकाणी जायचे म्हणून मी आदल्या दिवशी ऑफिसात तिघांचीही कार्डे छापून, प्लॅस्टिकमध्ये घालून घेतली होती. मुक्ताने स्वतःचे बॅगेत कोंबले होते, ह्यांनी खिशात. माझे मी शिस्तीत घातले होते.

पंच बाईंनी मोठ्याने वाचले, "'नाते: मुक्ताची आई. रक्तगट: बी पॉझिटिव्ह. तातडीच्या प्रसंगी कळवावे: मुक्ता.'"

मग त्या मुक्ताकडे वळून म्हणाल्या, "कळवलं."

निकाल कायम राहिला. संतोषदादा अंतिम फेरीत गेले. जाताना ओशाळून मला म्हणाले, "ताई, माफ करा हां. तुमच्यामुळं जिकलो, पर आनंद नाय वाटत."

मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर जाऊन बसले. हे पाण्याची बाटली घेऊन आले. आता उरली होती तिसऱ्या क्रमांकाची लढत. म्हणजे एकतर पुणे, नाहीतर पुन्हा तो आकडा. समोर खोपोलीचे एक दातांचे डॉक्टर होते. शांत, नीटनेटके, एकदाही न हरता उपांत्य फेरीपर्यंत आलेले. मी पर्स उचलली. बाहेर गाडीत जाऊन बसावे, हेच बरे.

तेवढ्यात पंच बाई आल्या. थोड्या अवघडल्या होत्या.

"ताई, तुमच्या मुलीची एक विनंती आहे. नियमात बसते, मी तपासलं."

"बाहेर जाऊ ना? निघालेच आहे."

"नाही, नाही. तिचं म्हणणं आहे, या लढतीला तुम्ही आतच बसावं." त्यांनी हात केला. "फक्त तिकडं. डॉक्टरांच्या मागं."

मी जाऊन डॉक्टरांच्या मागे बसले. शपथेवर सांगते, चकार शब्द बोलले नाही. फक्त मोठ्याने श्वास घेत होते आणि डॉक्टर दर खेपेला घाबरून मागे वळून बघत होते. मुक्ता तीन ठोशांत जिंकली.

पुण्याला मी जाणार आहे. मुक्ताने समोरच्या सगळ्या खेळाडूंची नावे काढून ठेवली आहेत. कोणाच्या मागे किती वेळ बसायचे, ते या वेळी तिने मला लिहून दिले आहे.