कार्डासाठी लावलेला कौल

शालनमावशी गेल्याची बातमी मला कसालच्या बाजारात कळली. मी कोकमं निवडत होते, तेवढ्यात फोन वाजला. देवबागची तिची शेजारीण बोलत होती. "गो, तुझी मावशी गेली. चाय घेतल्यान, खुर्चेर बसली, ती बसलीच..." देवबागला पोचेपर्यंत मला रडू आलं नाही. डोक्यात एकच फिरत होतं, आता प्राचीच्या कर्जाचं काय? वाचायला हे बरं वाटत नसेल. पण मावशी बोलू शकली असती, तर तिनेही आधी हेच विचारलं असतं.

प्राची म्हणजे मावशीची एकुलती मुलगी. कोल्हापूरला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिचे वडील लवकर गेले, तेव्हा मावशीने खाडीच्या अंगाला दोन खोल्या काढल्या आणि पर्यटक ठेवायला सुरुवात केली. कोंबडीवडे तिच्या हातचे आणि प्रश्नही तिचेच. पुण्याच्या पाहुण्याच्या पानात वडा वाढता वाढता ती विचारी, "घराचो हप्तो किती पडता तुमका?" पाहुणा आधी गोंधळे, मग मुकाट्याने सांगून टाकी. लोकांकडे किती पैसे आहेत यात तिला रस नव्हता. पैसा कुठून कुठे जातो, याचं मात्र तिला फार कुतूहल. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मी. बी.कॉम. झाले, कुडाळात करसल्लागाराच्या ऑफिसात लागले. याचा मला अभिमान आहे, तो मी लपवत नाही. मावशीलाही होता, म्हणून तिचे सगळे प्रश्न शेवटी माझ्याकडे येत.

एक प्रश्न मात्र माझ्याकडे उशिरा आला. खोल्यांचे एसी, गाद्या, गिझर तिने दोन क्रेडिट कार्डांवर घेतले होते. बिलात कमीत कमी भरायची एक रक्कम असते, तेवढी ती तारीख न चुकवता भरी. भिशीचा हप्ता भरला की महिना सुटला, तसंच हे, अशी तिची समजूत. उरलेल्या रकमेवर सावकारालाही लाज वाटेल असं व्याज चढत होतं. मग एका हंगामात पाहुणेच फिरकले नाहीत आणि वसुलीचे फोन सुरू झाले. त्यातल्या एका कार्डाच्या माणसाने सांगितलं, "मावशी, निम्मे भरा, बाकीचे सोडतो. मिटवून टाकू." मावशीला तो देवमाणूस वाटला. बांगड्या मोडून तिने त्या कार्डाचं मिटवलं आणि देवळात नारळ ठेवला. आमच्याकडे त्या नारळाला वजन असतं. बांधाचं भांडण असो की भावाभावांचं, देवासमोर नारळ ठेवून मिटवलं की ते पुन्हा कुणी उकरायचं नाही. उकरील तो खोटा.

प्राचीला नर्सिंगला प्रवेश मिळाला तेव्हा आम्ही तिघी मालवणच्या बँकेत शैक्षणिक कर्ज मागायला गेलो. अधिकाऱ्यांनी मावशीचा क्रेडिट रिपोर्ट काढला आणि मान हलवली.

"मिटला म्हणान लिवलेला आसा मां? मगे?" मावशी म्हणाली.

"मावशी, तेच तर नडलंय. मिटवलंय म्हणजे पूर्ण फेडलेलं नाही. तुमचा स्कोअर पडलाय."

प्रवेश हुकला. प्राची मालवणात कापडाच्या दुकानात कामाला लागली. आईशी ती बरेच दिवस कामापुरतंच बोले. मावशी मात्र त्या दिवशी परतीच्या एसटीत रडली नाही, चिडली नाही. खिडकीबाहेर बघत म्हणाली, "ह्यो स्कोर रवता खंय गो?"

"कंपनी असते एक. तिच्या कॉम्प्युटरात."

"तेका सांगता कोण?"

"बँका कळवतात."

"त्या वर्षी माझ्याकडे पाहुणे नाय इले, तां कोणी कळवलेला आसा?"

"नाही."

"बघ! देव इसरता, आणि हो मेलो इसरणा नाय."

मी हसले. पण ऑफिसात रोज असले रिपोर्ट बघूनही माझ्या मनात हे कधी आलं नव्हतं, की गाव मुद्दाम ठरवून विसरतं. विसरणं ही आमच्याकडे एक रीत आहे. त्या कॉम्प्युटराला ती कुणी शिकवलेली नाही.

मी तिला सांगितलं, पोरीला शिकवायचंय तर रस्ता आहे, पण लांबचा. दुसरं कार्ड अजून चालू होतं. ते वापरणं बंद करायचं आणि हंगामाचा सगळा पैसा आधी त्यात घालायचा. ते तिने केलं. दिवाळीपासून मे महिन्यापर्यंत अंगाला नवं लुगडं लावलं नाही. पण पहिल्या बँकेने सोडलेले निम्मे पैसेही आता भरून टाक म्हटल्यावर ती अडली.

"नारळ ठेवलंय गो. उकरलंय तर खोटी मी."

"मावशी, बँकेला नारळ दिसत नाही!"

"बँकेक नाय दिसणा. देवाक दिसता."

शेवटी देवाचा कौल घ्यायला आम्ही तिघी देवळात गेलो. गुरवाने देवाला पाकळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं सुरू केलं, "बा देवा म्हाराजा! ह्या तुझ्या लेकरान बँकेच्या कारडाचा जा काय तुझ्या पायाकडे मिटवलेला होता..."

"होय म्हाराजा!" आम्ही म्हटलं.

"...तां आपल्या चेडवाच्या शिक्षणासाठी आज परत उघडूक बघता. तेका उजवो कौल दी रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" प्राचीचा आवाज सगळ्यांत मोठा होता. उजवी पाकळी पडली, म्हणजे देवाचा होकार. मग आम्ही पहिल्या कार्डाच्या बँकेत गेलो, तिथला माणूस चष्मा काढून बघत राहिला, "सोडलेले पैसे भरायला आलात?" मावशी म्हणाली, "होय. परवानगी घेवन इलंय."

पुढे मालवणच्या बँकेत मुदत ठेवीवर एक छोटं कार्ड घेतलं. त्यावर महिन्याला फक्त गॅसचा सिलिंडर घ्यायचा आणि बिल आलं की पुरतं भरायचं. स्कोअर हळूहळू चढू लागला. मध्येच तो घसरला, कारण मावशीने मासळीचा भाव विचारावा तसं एका दिवसात तीन बँकांत कर्जाचे अर्ज टाकले होते. "नुसता इचारल्यार पण कमी होता?" तिला राग नव्हता, मजा वाटली होती. अजिबात उधार न घेणाऱ्याला स्कोअरच नसतो, हे कळल्यावर तर ती दिवसभर हसत होती. "म्हंजे पडान उठलेल्याक मान, आणि उभो रवलेल्याक कोण इचारणा नाय!"

पुढच्या वर्षी नाही, त्याच्या पुढच्या वर्षी कर्ज मंजूर झालं. त्या दिवशी प्राचीने आईला मिठी मारली, ती भर बँकेत.

मावशीचं बारावं झाल्यावर प्राची आणि मी त्याच बँकेत गेलो. कर्जावर मावशीच्या जागी सहकर्जदार म्हणून आता माझी सही लागली. माझ्या सहीने तिचं उरलेलं शिक्षण पुरं होणार आहे. मग प्राचीने मावशीचं कार्ड बंद करायला पुढे ठेवलं. शेवटच्या सिलिंडरचं बिल बाकी होतं. अधिकारी समजुतीने म्हणाले, "ते राहू दे. ठेवीतून वळतं करून घेऊ, तुम्ही कशाला धावपळ करताय?"

"नको," प्राची म्हणाली, "तारखेच्या आत मीच भरते." आणि तिने तिथेच फोनवरून भरलं.

"अगं, पण आता तो स्कोअर कुणाला दाखवायचाय?" मी म्हटलं.

"आईक," ती म्हणाली.

अधिकाऱ्यांनी मान खाली घालून शिक्का मारला. मेलेल्या माणसाचा स्कोअर वाढत नसतो, हे मला ठाऊक आहे. रिपोर्टात मृत्यूची नोंद होईल आणि विषय संपेल. पण नोंद व्हायला वेळ लागतो... तोवर हे एक बिल त्यात चढेल का? आकडा हलेल का? प्राची म्हणते, पुढच्या महिन्यात बघूया. बघणार आहोत दोघी.