सरांचं नाक

आमच्या सरांना दुसऱ्याच्या दातात नाक खुपसायची खोड होती. रविवार कारंजाजवळच्या त्यांच्या दवाखान्यात रूट कॅनल सुरू असलं, की दाताच्या मुळातल्या नळीत ते कागदाची बारीक वात घालत, बाहेर काढत आणि पेशंटच्या देखत तिचा वास घेत. डोळे मिटून, अत्तर हुंगावं तसा. मग निकाल सांगत, "अजून कुणीतरी राहतंय आत. हाकलायला हवं."

हाकलायचं म्हणजे ब्लीचच्या पातळ पाण्याची पिचकारी, मग बारीक सुईनं खरवडणं, पुन्हा पिचकारी. मी तेव्हा नुकतीच बी.डी.एस. होऊन त्यांच्या हाताखाली लागले होते आणि शहाणपणा नुसता उतू जात होता. "सर, वास घ्या असं पुस्तकात कुठेच नाहीये," मी एकदा ऐकवलंच. "लिहिणाऱ्याला सर्दी असेल," म्हणून सरांनी पुढची वात उचलली.

चांदवडचे कांदेवाले अण्णा मुलीच्या लग्नाच्या धावपळीत तिसऱ्या खेपेला आले, तेव्हा सर जेवायला घरी गेले होते. "ताई, आता चौथी खेप नाय जमायची. लय कामं हायेत. टाका बुजवून," अण्णा म्हणाले. वात कोरडी आली. ती हुंगणं मला कमीपणाचं वाटलं. मी दात बुजवला आणि सरांना सांगायचं सोयीस्कर विसरले.

हळदीच्या आदल्या दिवशी अण्णा हजर! उजवा गाल पुरीसारखा टम्म. "या ताईनं बुजवला दात. आधी हिला काढा इथनं!" नोकरी गेलीच म्हणून मी सरांकडे पाहिलं. सर शांतपणे हातमोजे चढवत होते. "मीच सांगितलं होतं त्यांना बुजवायला. घाई माझी झाली, अण्णा."

त्यांनी दात उघडला, आतली घाण वाहू दिली, तासभर धुतला. पहिली वात मात्र माझ्या नाकाखाली धरली. "घ्या. चांगला भरून घ्या." दोन दिवस मला जेवण गेलं नाही. त्याहून जास्त सर कधीच काही बोलले नाहीत.

लग्नाच्या सगळ्या फोटोंत अण्णा गालाला उपरणं लावून उभे आहेत. पुढे कित्येक वर्षं ते भरल्या दवाखान्यात त्या दातावरून सरांची खेचायचे. सर हसून "वय झालं हो" म्हणायचे आणि मी केसपेपरात डोकं घालून बसायचे.

सर गेल्यावर दवाखाना मी चालवायला घेतला. एकदा अण्णा कवळीचं माप द्यायला आले. "देवमाणूस होते," ते म्हणाले, "पण माझ्या त्या दाताला चुकले."

"नाही अण्णा. सरांना काही माहीतच नव्हतं. ती माझी चूक होती."

"मंग इतकी वर्षं मी त्यांनाच बोलत व्हतो की! तुम्ही का नाय बोलल्या?"

मला त्यांच्यासमोरच रडू फुटलं.