तारेसाठी सोडलेला नांगर

दादा गेल्याचं हर्णेहून, त्याच्या लेकीकडून कळलं, तेव्हा मी तांदूळ निवडत होते. निवडून झाले, मग उठले. आता महिना होईल. लोक म्हणतात, तुझा भाऊ साधा होता. साधा नव्हता, मूर्ख होता... आणि त्या मूर्खपणात माझाही वाटा आहे.

दादा गलबतावर तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या, रत्नागिरीची कौलं मुंबईला न्यायचा. बंदरावरच्या कारकुनाने एकदा छापील कागद वाटले, की समुद्राच्या तळाशी तारायंत्राच्या तारा टाकल्या आहेत, त्या कोणी तोडू नयेत. दादाने विचारलं, मग पहारा का नाही? कारकून म्हणाला, किनाऱ्यापासून तीन मैलांपुढे समुद्र कोणाचाच नाही, शिपाई उभा करायचा कुठे? परक्या गलबताने तार तोडली तर आपल्या सरकारचा हात तिथवर पोचत नाही. म्हणून सगळ्या सरकारांनी मिळून करार केला आहे, ज्याने त्याने आपल्या माणसांना आवरायचं. घरी येऊन त्याने हे सांगितलं, तेव्हा मला हसू आलं. आमच्याकडे सख्खे भाऊ बांधावरचा शब्द चार वर्षं पाळत नाहीत. राजांनी सह्या करायच्या आणि पाळायचं कोणी, तर लंगोटीतल्या खलाशांनी.

मी चौथी शिकलेली, म्हणून कागद मीच वाचून दाखवला. तार वाचवायला नांगर सोडला तर भरपाई मिळेल, इथवर वाचलं. चुलीवर पेज उतू गेली. पुढची ओळ राहिली.

शिमग्याच्या तोंडावर मुंबईबाहेर त्याचा नांगर तारेत अडकला. वारा चढत होता. खलाशी कुऱ्हाड घेऊन तार तोडायला निघाले, तर याने आपल्याच नांगराचा दोर तोडला. बिननांगराचं गलबत कसंबसं आपल्या गावच्या खाडीत आणलं. गावात पालखी नाचत होती. दोन दिवस हाही नाचला, मग बंदराच्या कचेरीत गेला. बंदरात आल्यापासून चोवीस तासांत कळवायचं होतं. कारकुनाने त्या ओळीवर बोट ठेवलं. माझी राहिलेली ओळ तीच.

नांगराची भरपाई बुडाली, म्हणून गलबताच्या मालकाने त्याची तांडेलकी काढून घेतली. ओळीचं मी त्याला सांगून टाकलं. तो रागावला नाही, याचाच मला जास्त राग आला. विचारलं, तार का नाही तोडलीस?

"कुनाचा तरी निरोप जात आसंल गो त्यातून."

निरोप कसला... कापसाचा भाव, नाहीतर कुठल्या साहेबाची बदली.

पुढे जन्मभर लहान होडी आणि नांगर म्हणून भोक पाडलेला दगड. तो दगड मी हर्णेहून मागवून विहिरीवर टाकला आहे. दोर घासून भोकाची एक कड गुळगुळीत झाली आहे. तिथे बोट जातं... मग मी त्यावर धुणं आपटते.