रिकाम्या खाचेतली नाचणी

दिसायला हवी होती आठ जीबी, दिसत होती चार. मी कंप्युटर बंद केला, पुन्हा सुरू केला. चारच. त्याच दुपारी जव्हारला जाऊन मी मेमरीची जुनी पट्टी आणली होती आणि मोबाईलवर उतरवून आणलेला व्हिडिओ बघत बघत मोठ्या थाटात स्वतः बसवली होती. आता हा ठोंब्या म्हणत होता, कुठली पट्टी? मी काही पाहिली नाही बुवा.

आमच्या घरात आला तेव्हाच हा कंप्युटर म्हातारा होता. बटण दाबून मी भाकऱ्या थापायला बसायचे, दुसरी भाकरी तव्यावर पडेपर्यंत तो जागा व्हायचा. एरवी मला त्याची घाई नसे. मी शाळेत शिकवते, माझे तक्ते नि प्रश्नपत्रिका चार जीबीत मजेत निघतात. पण त्या दिवशी घाई होती आणि घाईत माझं डोकं लवकर तापतं.

झालं होतं असं. दिवाळी संपली की आमच्या पाड्यावरची निम्मी माणसं भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर जातात, पोरंही बरोबर जातात आणि माझा वर्ग ओस पडतो. त्या वर्षी शेजारच्या घरातली एक जण पहिल्यांदाच पोरीला आजीजवळ ठेवून जायला तयार झाली होती. मीच तिच्या मागे लागले होते. पोर तिसरीत, वाचायला नुकतीच लागलेली. आई कबूल झाली, पण एका अटीवर.

"बाई, तिचा तोंड मला रोज दिसला पायजे. नायतर मी तिला घेऊन जाईन."

भट्टीवर रेंज नसते, म्हणून मी दिराच्या कॅमेऱ्यावर पोरीला बोलतं केलं होतं. आता ते चित्रण आईच्या जुन्या मोबाईलवर उघडेना. ते लहान करून द्यायला हवं होतं आणि कंप्युटर निम्म्यावर आला की मेमरी कमी पडते म्हणून हात वर करायचा. टेम्पो दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होता. शेजारीण संध्याकाळीच आमच्या ओट्यावर येऊन बसली, पोर मांडीवर आणि गाठोडं बाजूला. गाठोड्यात पोरीचे कपडेही बांधलेले मला दिसत होते.

अंगणातल्या आंब्याखाली उभं राहिलं तर रेंज मिळते. तिथून मी दुकानदाराला फोन लावला आणि खराब पट्टी गळ्यात मारली म्हणून त्याला चांगलंच फैलावर घेतलं. तो गडी शांत. म्हणाला, "मॅडम, वायर काढा, दोन्ही पट्ट्या काढा. जुन्या खाचेत एकेक लावून बघा."

बघितलं. जुनी पट्टी चालली. नवी पण चालली. म्हणजे पट्टीत खोट नव्हती, दुसऱ्या खाचेत होती. दुकानदारावरचा राग माझा मलाच गिळावा लागला.

वायर पुन्हा काढली, डबा ओट्यावर उजेडात आणला आणि आत वाकून पाहिलं. आत सगळी काजळी! आणि वास कसला, तर चुलीचा. चूल पार मागच्या घरात आणि कंप्युटर पुढच्या खोलीत, मग धूर आत शिरला कुठून? बॅटरी धरली तर त्या दुसऱ्या खाचेच्या तळाशी नाचणीचा एक दाणा रुतून बसलेला. खाच आजवर रिकामीच होती, दाणा खुशाल तिथे राहत होता. मी वरून पट्टी दाबली, ती त्याच्यावर टेकली आणि अधांतरीच राहिली.

मी हाक मारली, "आई, हा डबा चुलीवर कुणी ठेवला होता?"

सासूबाई बाहेर आल्या. लपवण्यासारखं काही केलंय असं त्यांना मुळीच वाटत नव्हतं.

"मीच. तू बाळंतपणाला माहेरी होतीस ना, तवा पुढच्या खोलीत पानी गलत होता. उचलला नि माचावर ठेवला."

माच म्हणजे आमच्याकडे चुलीच्या वर टांगलेली बांबूची फळी. पावसाळाभर बियाणं तिच्यावर असतं. धुराने त्याला कीड लागत नाही, ओल धरत नाही.

"अहो, तिथे बियाणं ठेवतात!"

"तर! त्याच्याहून जपून कुठं ठेवू?"

मला हसूच फुटलं. शेजारीणही हसली, त्या संध्याकाळी पहिल्यांदा. बाकीचे कंप्युटर ओल लागून मेले असतील, आमचा मात्र पुढच्या पेरणीसाठी राखून ठेवलेला होता.

सासूबाईंनी केरसुणीची काडी आणून दिली. मी दाणा हलकेच वर काढला, खाच ब्रशने झाडली, पट्टीचे सोनेरी दात खोडरबराने घासले आणि पट्टी दाबली. या वेळी दोन्हीकडचे खटके टक्‌कन बसले. दाणा सासूबाईंनी फुंकून पदराला बांधला. तो परत माचावर गेला असणार.

डबा आत नेऊन जोडला, बटण दाबलं. भाकऱ्या थापायला कोण जातंय! आम्ही चौघी पडद्यासमोर खिळलेल्या. आठ जीबी. चित्रण लहान व्हायला लागलं, निम्म्यावर आलं आणि पुढे सरकलं.

शेजारणीने आपला मोबाईल दोन्ही हातांत धरला. त्यात तिची पोर सांगत होती, "आये, पानी उकलून पी. शेलीची कालजी करू नको. तिला पिलू झाला तर मी त्याला तुझा नाव ठेवीन." खरी पोर शेजारी उभी राहून स्वतःवरच खिदळत होती. आईने ते पुन्हा लावलं, आणि पुन्हा.

मग तिने मोबाईल कमरेला खोचला आणि गाठोडं सोडलं. पोरीचे कपडे एकेक काढून माझ्या सासूबाईंच्या हातात दिले, आजीकडे पोचवायला. एक निळा फ्रॉक मात्र तिने परत गाठोड्यात ठेवला आणि गाठ मारली. तो राहिलाय असं मी बोलणार होते. सासूबाईंनी माझा हात दाबला.